दोनच शहरांवर अडलेला डाव

‘सिव्हिलायझेशन ६’ या साम्राज्य उभारण्याच्या संगणक-खेळातले माझे पहिले काही डाव राजधानीत स्टोनहेंज ही खास वास्तू बांधण्याच्या नादात गेले आणि शंभराव्या खेळीलाही माझी जेमतेम दोन शहरे असत. सेटलर (नवे शहर वसवणारे पथक) तयार होताना शहराची लोकसंख्या एकने घटते म्हणून मी तो टाळत होतो. प्रत्यक्षात प्रत्येक नवा सेटलर आधीच्यापेक्षा महाग होत जातो, हे माझ्या उशिराच ध्यानात आले. आता स्काउट (टेहळ्या) आणि स्लिंगर (गोफणधारी सैनिक) यांच्यानंतर, लोकसंख्या २ होताच, मी सेटलरच घेतो आणि ‘अर्ली एम्पायर’ हा नागरी प्रगतीचा टप्पा मिळाल्यावर सेटलरच्या उत्पादनात ५० टक्के वाढ देणारे ‘कॉलोनायझेशन’ धोरण लावतो. शहर शक्यतो नदीकाठीच वसवतो, कारण तिथे घरांची क्षमता (किती लोकसंख्या सामावते ती) ५, तर पाण्यापासून दूर केवळ २ असते. एकदा सोबतीविना धाडलेला सेटलर (वाटेत नकाशाच्या न दिसणाऱ्या, धुक्यातल्या भागात काय दडले आहे हे न पाहताच!) रानटी टोळीने पळवला, तेव्हापासून स्लिंगर सेटलरच्याच षट्कोनात (नकाशावरच्या घरात) उभा असतो.