रात्रीचं डायपर सोडवण्याआधी: घरातली तयारी

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. आमच्याकडे वेंगुर्ल्यात ओल्या अंथरुणापेक्षा न सुकणारं अंथरूण जास्त छळतं. जून लागला की मुलाची चड्डीसुद्धा दोन-दोन दिवस पडवीतल्या दोरीवर लोंबकळत राहते. गोधडीचं तर विचारूच नका, आणि वर तो कुबट वास. म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत हा विषय काढू नका. गणपतीत तर नाहीच नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं, आरत्या नि भजनं रात्री उशिरापर्यंत, झोपेला वेळ-काळ नाही. आम्ही पहिल्यांदा नेमकं तेव्हाच सुरू केलं, मुलगा सव्वातीन वर्षांचा असताना. पाच रात्रींत सात गोधड्या भिजल्या आणि सहाव्या रात्री तो अंथरुणाजवळ यायलाच तयार होईना. चूक सगळी माझी होती. दुसऱ्या खेपेला पाडव्यानंतरचे दिवस धरले. शिमगा उरकलेला, मुंबईकर यायला अजून अवकाश, आणि खळ्यात असं ऊन की सकाळी धुतलेलं दुपारी घडी घालून ठेवावं. थंडीतही ऊन असतं, पण तेव्हा घाम कमी येतो, लघवी जास्त होते, आणि उबेतून उठणं मोठ्यांच्याही जिवावर येतं.

दिवस ठरवण्याआधी आठवडाभर सकाळचं डायपर हातात धरून बघा. दिवसा चड्डी महिनोन्महिने कोरडी राहतेय आणि सकाळचं डायपरही बऱ्याचदा कोरडं किंवा जेमतेम ओलं निघतंय, तर वेळ आली म्हणायची. रोज जड होऊन निघत असेल तर थांबा. दिवसाची शू शिकवता येते, रात्रीची येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त स्रवू लागलं की लघवी कमी तयार होते, आणि ते कधी सुरू व्हायचं हे ज्याच्या-त्याच्या शरीरावर असतं. शिवाय ४ वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १५० मिली मावतं, म्हणजे आपलं एक लहान फुलपात्र. तेवढं भरल्यावर गाढ झोपेतून जाग येणं हीसुद्धा वाढीचीच गोष्ट आहे. ५ वर्षांच्या शंभर मुलांपैकी पंधराएक मुलं रात्री अंथरूण ओलं करतातच.

आता घरातली माणसं. ही तयारी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण गादी धुता येते, पण ‘एवढो मोठो झालंस, लाज नाय?’ हे वाक्य मुलाच्या मनातून धुऊन निघत नाही. सुरुवात करण्याआधी आजी, आजोबा, काका, सगळ्यांशी एकदा बसून बोला. शेजारी विषय काढायचा नाही, चुलत भावंडांसमोर हसायचं नाही, ‘ती बघ, तुझ्यापेक्षा लहान असून’ हे तर अजिबात नाही. आमच्या सासूबाईंना सुरुवातीला हे पटत नव्हतं. मग मी सहज विचारलं, ‘आई, हे किती वर्षांचे होईपर्यंत?’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या नि म्हणाल्या, ‘अगो, ह्येचो बापूस सात वर्सांचो होईसर अंथरुणात मुताय होतो.’ त्या दिवसापासून नातवाच्या बाजूने घरात सगळ्यांत आधी त्याच बोलू लागल्या. हे घराण्यात चालत येतं, ही काही नुसती समजूत नाही. आईला किंवा वडिलांना लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला होण्याची शक्यता बरीच वाढते. तेव्हा तुम्हीही आपापल्या घरी विचारून ठेवा.

अंथरूण असं घाला. कापसाच्या गादीवर औषधाच्या दुकानात मीटरवर मिळणारं रबरी कापड, त्यावर चादर. त्याच्यावर पुन्हा रबरी कापड, पुन्हा चादर. रात्री दोनला वरचा जोड ओढून काढला की खाली कोरडं अंथरूण तयार असतं. दिवा लावून कपाट उपसायला नको, मुलाची झोप पुरती मोडायला नको. मूल आजीच्या कुशीत झोपत असेल तर तिथून हलवू नका. तिच्या बाजूलाही कापड घाला, एवढंच. पांघरायला जाड वाकळ नको, जुनं लुगडं चौपदरी करून द्या. लवकर धुऊन होतं, लवकर वाळतं. उशाशी एका पिशवीत दोन चड्ड्या, एक बनियन, एक ओला पंचा, एक सुका पंचा. अंग पुसल्याशिवाय कोरडी चड्डी घालू नका, जांघेत पुरळ येतं. चड्डी नाडीची किंवा बटणाची नको, मुलाला एका हाताने खाली करता आली पाहिजे.

मग वाट. संडास परसात असेल तर रात्री मुलाने तिकडे जायची अपेक्षाच धरू नका. आपल्याकडे पायाखाली मण्यार निघू शकते, विंचू तर नेहमीचाच. अंथरुणापासून चार पावलांवर पॉटी किंवा झाकणाचं भांडं ठेवा. न्हाणीघर घरात असेल तर झोपण्याआधी तिथली लादी पुसून कोरडी करा. झिरोचा दिवा हवाच, पण वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून चार्जिंगचा छोटा दिवा मुलाच्या हाताला येईल असा ठेवा. आणि मच्छरदाणी! आमच्या मुलाला एका रात्री जाग आली होती, पण गादीखाली घट्ट खोचलेल्या मच्छरदाणीतून बाहेर येता येईना, आणि तिथेच झालं. रडत होता बिचारा. तेव्हापासून त्याच्या बाजूची एक कड सैल खोचतो. दिवसाउजेडी दोन-तीनदा खेळ म्हणून त्याच्याकडून करून घ्या: कड वर, बाहेर, दिवा, भांडं, परत.

पाणी तोडू नका. दमट हवेत मूल दिवसभर घाम गाळतं, तहानलेलं झोपवणं बरं नव्हे. दिवसा भरपूर पाजा, संध्याकाळनंतर आपोआप कमी लागतं. पेज, कुळथाची पिठी, सोलकढी, कलिंगड, कोकम सरबत हे सगळं दुपारपर्यंत. बटर किंवा टोस्ट बुडवून खायला कपभर चहा देण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडाच, चहाने लघवी वाढते. पोट रोज साफ होतंय ना, हेही बघा. आतड्यात खडा साचला की तो मूत्राशयावर दाबतो, आणि आपण मात्र रात्रीच्या पाण्याला दोष देत बसतो. झोपताना शू दोनदा: एकदा अंथरूण घालताना, एकदा गोष्ट संपल्यावर.

मध्यरात्री झोपेतच उचलून शू करवून आणलं तर चादर वाचते, मूल काही शिकत नाही. न्यायचंच असेल तर नीट जागं करून, त्याच्या पायांनी चालवत न्या.

भिजलेलं कापड आधी साध्या पाण्यातून काढा, मग साबण, मग ऊन. मुलाला चादर टबात टाकायला हाताशी घ्या, पण शिक्षा म्हणून नको. ओल्या-कोरड्या रात्रींची नोंद आपल्या वहीत करा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा केल्या की आल्या-गेल्याला उत्तरं देत बसावं लागतं.

दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर डायपर परत घाला, तीन महिन्यांनी पुन्हा बघा. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक भिजवू लागलं, लघवीला जळजळ किंवा ताप आला, तहान फार वाढली, दिवसाही थेंब-थेंब गळू लागलं, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. लघवीच्या साध्या तपासणीतून बरंच कळतं. तक्रार काहीच नाही, पण ५ वर्षं उलटून गेलीत, तरी एकदा दाखवा. वर्षाला साधारण सातातलं एक मूल आपसूक थांबतं, पण थांबत नसेल तर उपचार आहेत.

आणि थोडे डायपर कपाटात असू द्या, प्रवासासाठी. महिनाभर कोरडा राहिल्यावर आम्ही संध्याकाळच्या तुतारी एक्स्प्रेसने दादरला निघालो, तेव्हा मी त्याला आधीच सांगितलं, ‘आज गाडीत घालूया, घरी आल्यावर नको.’ त्याने घालून घेतलं. सकाळी दादरला उतरताना ते कोरडंच होतं.