हॉस्पिटलच्या वॉर्डात ढेकूण निघाले तर काय करायचं

नागपूरच्या धंतोलीतल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी हाउसकीपिंग बघतो. आमच्याकडे एका आजीच्या हातावर सकाळी लाल गांधी उठल्या, एका रेषेत चार. सगळ्यांना वाटलं औषधाची रिअ‍ॅक्शन, औषध बदललं, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. शेवटी आजीच म्हणाल्या, "बाप्पा, हे ढेकणं आहेत, आमच्या बाजेत लय होते." गादी उलटली तर खरंच.

तर पहिले पक्कं करा. नुसत्या गांधीवरून ठरवू नका, कारण काहींना लगेच उठतात, काहींना आठवड्यानंतर, अन काहींना काहीच होत नाही, म्हणजे शेजारचा पेशंट खाजवत नाही म्हणून त्याचा बेड साफ असं समजू नका. बोटांच्या बेचक्यात खाज असेल तर ती खरूज असू शकते, ते डॉक्टरला दाखवा. आपल्याला पुरावा पाहिजे. मोठा ढेकूण ५ मिलिमीटरच्या आसपास, चपटा, तपकिरी, रक्त प्यायला की फुगून लालसर होतो. अंडी पांढरी, १ मिलिमीटरची. गादीच्या शिवणीवर काळे ठिपके दिसले तर ओल्या कापसाने पुसा, लालसर डाग पसरला तर ती त्याचीच विष्ठा. एखादा सापडला की चिकटपट्टीने उचला अन युरिनच्या डबीत बंद करून ठेवा, पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवता येतो.

शोधायला टॉर्च अन जुनं एटीएम कार्ड घ्या, कार्ड फटीतून फिरवलं की लपलेले बाहेर येतात. गादी सगळेच बघतात, पण लोखंडी कॉटचे पाइप आतून पोकळ राहतात, त्यांच्या टोकाची प्लास्टिकची बुचं कोणी काढत नाही, आमच्याकडे खरी वस्ती तिथेच होती. मग लॉकरची मागची बाजू, व्हीलचेअरची सीट, पडद्याची वरची घडी, नातेवाइकांचा बाक. एका बेडवर सापडले तर दोन्ही बाजूचे अन समोरचे बेड, भिंतीपलीकडची खोलीही बघा.

आता पेशंट. त्याला सगळ्यांसमोर बोलू नका. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून माणसं सतरंजी, पिशवी घेऊन येऊन राहतात, ढेकूण त्या पिशवीतून आला की आधीच्या पेशंटच्या, हे कोणीच सांगू शकत नाही, अन स्वच्छतेशीही त्याचा फार संबंध नाही, त्याला फक्त रक्त पाहिजे. ढेकणातून माणसाला रोग होतो असं आजवर दिसलेलं नाही, हे घरच्यांना नीट सांगा, घाबरतात बिचारे. पेशंटला स्पंज करून धुतलेले कपडे द्या, दुसऱ्या तपासलेल्या बेडवर न्या, सामान पिशवीत बांधूनच न्या.

चादरी झटकायच्या नाहीत! बेडपाशीच पिशवीत भरून तोंड बांधा, तशीच लाँड्रीत, ६० डिग्रीच्या पाण्यात धुवा अन ड्रायरमधे फुल गरमवर अर्धा तास. नागपूरचं ऊन आहे ना, गादी गच्चीवर टाकू, असं सगळे म्हणतात. मे महिन्यात हवा ४५ ला जाते खरी, पण उघड्या गादीतला ढेकूण खालच्या सावलीत सरकतो. अंड्यांसकट मारायचं तर आतपर्यंत ५० च्या वर गरमी पोचली पाहिजे. कपडे काळ्या पॉलिथिनमधे बांधून उन्हात ठेवत असाल तर मधोमध थर्मामीटर ठेवून बघा, तापाचा नाही, तो ४२ लाच संपतो.

कॉट अन शिवणींना स्टीम मशिन लावा, हळूहळू, जोराच्या झोताने ढेकूण उडून दुसरीकडे पडतात. ऑक्सिजन पॉइंट, मॉनिटर, स्विचपासून लांब. मग पाइपची भोकं एम-सीलने बुजवा, फाटलेलं रेक्झिन बदला.

फवारणी शेवटी, अन वॉर्ड पूर्ण रिकामा करूनच, किती वेळ बंद ठेवायचा ते लेबल वाचून. बरेच ढेकूण नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, अंडी तर बहुतेक वाचतात, म्हणून १०-१४ दिवसांनी दुसरी फेरी ठरवूनच पैसे द्या. रॉकेल नको, ऑक्सिजनजवळ आग लागेल. अन धान्यात टाकायच्या सल्फासच्या गोळ्या तर चुकूनही नको, त्यातून निघणाऱ्या गॅसने माणसं मेलीत अन त्यावर उतारा नाही.

नंतर कॉट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका, प्रत्येक पायाखाली साबणाच्या पाण्याची वाटी ठेवा. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही, चालतच येतो अन बुडतो. पाणी रोज बदला, नाहीतर ढेकणापायी डेंग्यूचे डास पाळाल. वाट्या रोज सकाळी बघून रजिस्टरवर लिहा. आमच्याकडे दुसऱ्या फेरीनंतरही एका वाटीत एक निघाला, सगळे बेड पुन्हा तपासले, काही नाही. शेवटी सापडले ते नाइट ड्यूटीच्या सिस्टरच्या फोमच्या खुर्चीत, ती कोणी उलटवूनच पाहिली नव्हती.