घरखर्च विचारताना गव्हाचं पोतं विसरू नका

पुण्यात घरखर्चाचं सर्वेक्षण करताय? ‘महिन्याला एकूण किती जातात?’ हा प्रश्न आधी खोडा. त्याला ठोकताळाच मिळतो. भाजी, फळं, अंडी, तेल मागच्या ७ दिवसांचं विचारा. डाळ-तांदूळ, गॅस, वीज ३० दिवसांचं. कपडे, शाळेची फी, फ्रिज ३६५ दिवसांचं. केंद्र सरकारच्या २०२२-२३च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणातही अशीच विभागणी होती.

खरी गोची वर्षाच्या धान्याची. एप्रिल-मेमध्ये पोत्याने गहू भरणाऱ्या घरात जुलैत ‘महिन्याभरात गहू किती घेतला?’ विचारलंत तर उत्तर शून्य, आणि पोळ्या तर रोज होतायत! तिथे ‘किती संपला?’ असंच विचारा. रेशनचं, गावाहून आलेलं धान्यही त्यातच धरा. बाहेरचा वडापाव, पेट्रोल, मोबाइलचं रिचार्ज मात्र ज्याचं त्याला विचारा. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या काकूंना ते सगळं ठाऊक नसतं.