पहाटेच्या टॅक्सीचं बिल कोणत्या तारखेला टाकायचं?

एअरलाइन क्रूच्या खर्च प्रणालीत टॅक्सीचं बिल परत येतं ते बहुतेकदा रकमेमुळे नाही, तारखेमुळे. रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) अनेकदा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतो आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे १२ तारखेला पहाटे ४ वाजता छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या हॉटेलातून चिकलठाणा विमानतळाकडे निघालात, तर यूटीसीत ती ११ तारखेची रात्र, २२:३०. पावतीवर १२, ड्युटी ११ ची. प्रणालीला मेळ लागत नाही. खर्चाची तारीख पावतीवरचीच ठेवा, पण दावा त्या ड्युटीला जोडा आणि शेऱ्यात एक ओळ लिहा: ‘१२ तारखेची पिकअप, भारतीय वेळ ०४:००, हॉटेल ते विमानतळ’. नुसतं ‘टॅक्सी’ लिहिलं की अकाउंट्सवाले विचारणारच, आणि त्यांचंही चुकत नाही.

रिक्षावाल्याकडे छापील बिल कुठलं असायला! कोऱ्या कागदावर तारीख, कुठून-कुठे, रक्कम, एमएच-२० पासून पुढचा पूर्ण गाडी नंबर आणि त्याची सही घ्या. यूपीआयचा स्क्रीनशॉट सोबत जोडा. एकट्या स्क्रीनशॉटवरून प्रवास कुठला ते कळत नाही.

जालन्याहून किंवा नांदेडहून गाडी केली असेल तर टोल आणि पार्किंग भाड्यात मिसळू नका, वेगळ्या ओळीत टाका. टोल ड्रायव्हरच्या फास्टॅगमधून कापला जातो, म्हणून त्याच्या मोबाइलवरच्या मेसेजचा फोटो उतरायच्या आधीच काढा. थर्मल पावतीचाही लगेच काढा, ती उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर काळी पडते.