एका शहराच्या नव्या वास्तू तिकिटांवर: संग्रह कसा जमवावा

पणजीत कांपालला कला अकादमीत संध्याकाळी बसलेल्या माणसाला विचारा, इमारत कुठे संपते आणि मांडवीचा काठ कुठे सुरू होतो? पटकन सांगता येणार नाही. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी ती बांधलीच तशी. आता ही वास्तू टपाल तिकिटाएवढ्या जागेत बसवायची तर काय ठेवाल नि काय गाळाल? या प्रश्नात गंमत वाटत असेल, तर आधुनिक वास्तूंची तिकिटे जमवायला लागा.

आधी एकच शहर निवडा. ‘जगातल्या इमारती’ असा विषय घेतलात तर वही भरेल, संग्रह होणार नाही. ब्राझिलियापासून सुरुवात चांगली होते. लुसियो कोस्टांचा आराखडा आणि ऑस्कर निमायर यांच्या इमारती असलेले हे शहर २१ एप्रिल १९६० रोजी राजधानी झाले, आणि त्या निमित्ताने ब्राझीलने तिकिटेही काढली. सिडनीचे ऑपेरा हाउस १९७३ च्या ऑक्टोबरात खुले झाले. ऑस्ट्रेलियाच्या तिकिटावर ते त्याच वर्षी आले. न्यूयॉर्क निवडलेत तर १९६६ चे दोन सेंटचे तिकीट शोधा: पुढे वास्तुकार फ्रँक लॉइड राइट, मागे त्यांचे गुगेनहाइम संग्रहालय. माणसाचे तिकीट वास्तूच्या संग्रहात चालते का, यावर संग्राहक भांडतात. मी तरी घेतो.

गोमंतकीयाला मात्र मी लिस्बन सुचवेन, कारण तिथली तिकिटे कदाचित घरातच सापडतील. तिथला तेजो नदीवरचा झुलता पूल १९६६ मध्ये पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या नावाने खुला झाला, तेव्हा पोर्तुगालने त्यावर तिकिटे काढली. १९७४ च्या क्रांतीनंतर पुलाचे नाव बदलून क्रांतीच्या तारखेवरून ‘२५ एप्रिल’ झाले. तिकिटे मात्र जुन्याच काळातली राहिली. लिस्बनला कोणी नातेवाईक असेल, तर आजोबांच्या पेटीतली पत्रे चाळा.

पाकीट मिळाले की कात्री उचलू नका. शिक्क्यावरची तारीख आणि गाव स्वच्छ वाचता येत असेल तर पाकीट अख्खे ठेवा. शिक्का पुसट असेल तरच तिकिटाभोवती कागद सोडून कापा आणि साध्या पाण्यात वीसेक मिनिटे भिजवा. तिकीट आपोआप सुटते, ओढायचे नाही. मग टिपकागदावर पालथे वाळवा आणि पुस्तकाखाली दाबा. अलीकडची स्टिकरसारखी तिकिटे पाण्याने बरेचदा सुटत नाहीत. ती कागदासकट ठेवा.

आपला खरा शत्रू पावसाळा. एका जूनमध्ये मी कोरी, गोंद असलेली तिकिटे अल्बममध्ये घालून कपाटात ठेवली. चवथीला पाहिले तर पानांना चिकटलेली. तेव्हापासून अल्बम उभा ठेवतो, फार दाबत नाही, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो आणि पाऊस ओसरला की पाने पंख्याखाली उघडतो. तिकिटाला चिमटाच लावायचा, बोट नाही.

पानावर पेन्सिलीने वास्तुकार, वास्तू खुली झाल्याचे वर्ष आणि तिकिटाचे वर्ष लिहा. आणखी एक ओळ हवीच: चित्रकार कुठे उभा राहिला असेल? पाण्याच्या बाजूने की रस्त्यावरून, खालून की विमानातून? माणसे दाखवली आहेत का? नव्या इमारतींच्या तिकिटांत माणसे बहुधा गायब असतात.

पणजीचे पान स्वतः करा. कला अकादमीचा फोटो पोस्टकार्डाच्या आकारात छापून घ्या, मागे स्वतःचा पत्ता लिहा, पुरेसे तिकीट लावा आणि पणजीच्या मुख्य टपाल कार्यालयात खिडकीवर देऊन शिक्का ठळक मारायची विनंती करा. दुपारी निवांत वेळी जा. गर्दीत शिक्का घाईने बसतो आणि शाई फिसकटते.