धुतलं की जाळी गायब: माझा अनुभव

बेळगावात आमच्या लॅबमध्ये फेम्टोसेकंद लेझरने (अतिसूक्ष्म काळाचे झोत सोडणारा लेझर) केसाहून बारीक जाळ्या बनवतो. ७८० नॅनोमीटरचा किरण काचेवरच्या रेझिनमधून (प्रकाशाने घट्ट होणारा द्रव) आरपार जातो. फक्त फोकसपाशी एकाच वेळी दोन फोटॉन शोषले जातात आणि तेवढंच रेझिन घट्ट होतं. लेझरने लिहिताना सगळं झकास, उरलेलं पातळ रेझिन धुतलं की जाळी काच सोडून बेपत्ता! उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतला दोस्त म्हणाला, 'पॉवर वाढव की!' वाढवली, तर बुडबुडे. (लेथवाल्यांचा सल्ला.)

मग काचेकडेच वळलो. ॲसिटोनने धुतली, प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) दिला, वर मेथॅक्रिलेट सिलेन या चिकटवणाऱ्या रसायनाचा थर. त्या रेणूचं एक टोक काचेला बांधलं जातं, दुसरं रेझिनला. जाळ्या आता पक्क्या बसतात. उंच खांब मात्र धुण्याचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सुकताना पृष्ठताणाने अजून एकमेकांवर कलतात. त्यांना पृष्ठताण टाळून सुकवणारं यंत्र, क्रिटिकल पॉइंट ड्रायरच लागणार.