कुठल्याही तारखेचा दिनविशेष स्वतः कसा बनवायचा, आकड्यांच्या गमतीसकट

रोज सकाळी फॉरवर्ड होणारे दिनविशेष बघितलेत ना? जन्म अमुक, मृत्यू तमुक, वीस ओळींची यादी, आणि खाली स्क्रोल करेपर्यंत वरचं विसरलेलं. त्यापेक्षा एक तारीख, तिचा एखादा मजेदार आकडा आणि दोनच घटना, पण नीट तपासलेल्या, एवढं केलं तरी लोक थांबून वाचतात. उदाहरणाला आपण १२ एप्रिल घेऊया, तुम्ही स्वतःच्या वाढदिवसाची तारीख घेऊन सोबत करत चला.

आधी तो वर्षातला कितवा दिवस ते काढा. प्रत्येक महिना सुरू व्हायच्या आधी किती दिवस होऊन गेलेले असतात ते जानेवारीपासून ओळीने असं: ०, ३१, ५९, ९०, १२०, १५१, १८१, २१२, २४३, २७३, ३०४, ३३४. त्यात तारीख मिळवली की झालं. एप्रिलचे ९० अधिक १२, म्हणजे १०२ वा दिवस, वर्षाचे उरले २६३. लीप वर्ष असेल तर मार्चपासून पुढे सगळीकडे एक वाढवायचा, ही एवढी गोष्ट बरेच जण विसरतात.

आता या १०२ ला जरा खोदायचं. सम संख्या आहे, ३ ने भाग जातो वगैरे लिहू नका, त्यात काही मजा नाही. अवयव पाडा, वर्ग-घनांत बसते का बघा, सलग संख्यांच्या बेरजेत मोडते का बघा. १०२ चे अवयव २ × ३ × १७, अगदीच मिळमिळीत, पण १९ + २३ + २९ + ३१ या सलग चार मूळ संख्यांची बेरीज बरोबर १०२ येते, हे सांगितलं की समोरचा मनातल्या मनात बेरीज करून बघतोच. उरलेले २६३ दिवस, ती तर स्वतःच मूळ संख्या. शिवाय अणुक्रमांक १०२ म्हणजे नोबेलियम. मूलद्रव्यं एकूण ११८ माहीत आहेत, त्यामुळे ही अणुक्रमांकाची युक्ती (लीप वर्ष सोडून) १ जानेवारी ते २८ एप्रिल चालते, पुढे दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

काही तारखांना मात्र आयतं मिळतं. २८ जानेवारी घ्या, २८ ही परिपूर्ण संख्या, तिचे स्वतःहून लहान विभाजक १, २, ४, ७, १४ मिळवले की परत २८. साध्या वर्षात २ जून हा १५३ वा दिवस आणि १५३ म्हणजे १ चा घन अधिक ५ चा घन अधिक ३ चा घन. माझी आवडती जोडी ८ ऑगस्ट आणि ११ ऑक्टोबर, कारण त्या दिवसांचे आकडे २२० आणि २८४, एकाच्या लहान विभाजकांची बेरीज केली की दुसरा मिळतो आणि दुसऱ्याची केली की पहिला. २५६ वा दिवस, १३ सप्टेंबर (लीप वर्षात १२), हा रशियात २००९ पासून अधिकृत प्रोग्रामर दिन आहे, २ चा आठवा घात म्हणून. आणि अगदीच काही सापडलं नाही तर ३६५ वर या: १०, ११, १२ यांच्या वर्गांची बेरीज ३६५, आणि १३, १४ यांच्या वर्गांचीही ३६५. हे वर्षातून एकदाच वापरा पण, रोज नको.

मग इतिहास. १२ एप्रिलला भरपूर घडलंय, १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्धाची पहिली तोफ याच दिवशी डागली गेली, १९५५ ला जोनास साल्कची पोलिओ लस परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. पण सगळं कोंबायचं नाही, एकमेकांशी बोलणाऱ्या दोन घटना निवडायच्या. १९६१ ला युरी गागारिन अंतराळात गेला, उड्डाण १०८ मिनिटांचं (आणि १०८ म्हणजे १ चा पहिला घात × २ चा दुसरा × ३ चा तिसरा, बघा पटतंय का), आणि १९८१ ला बरोबर त्याच तारखेला कोलंबिया हे स्पेस शटल पहिल्यांदा उडालं. वाटतं की मुद्दाम जुळवलंय, तर नाही, कोलंबिया १० एप्रिललाच निघणार होतं, यानावरच्या कॉम्प्युटरचा ताळमेळ बसेना म्हणून दोन दिवस पुढे गेलं. असा योगायोग का झाला ते कळलं की पोस्टला खरी चव येते, ते शोधायला दहा मिनिटं जास्त गेली तरी द्या.

सगळ्यात जास्त वेळ पडताळणीला ठेवा, गंडतं ते इथेच. गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला, पण ते आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरप्रमाणे, आणि न्यूटनची २५ डिसेंबर १६४२ ही इंग्लंडच्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख, आजच्या हिशोबाने ती ४ जानेवारी १६४३ होते. म्हणजे योगायोग दोन कॅलेंडरं मिसळल्यामुळे तयार झालेला. नवं कॅलेंडर १५८२ ला आलं, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर, पण ब्रिटनने ते १७५२ ला घेतलं आणि रशियाने १९१८ ला, म्हणून तर ऑक्टोबर क्रांतीचा वर्धापनदिन ७ नोव्हेंबरला येतो. तेव्हा १५८२ नंतरची जुनी तारीख दिसली की कुठल्या देशातली आणि कुठल्या कॅलेंडरची हे आधी बघा.

घड्याळाचंही तसंच. आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा अमेरिकेत २० जुलै १९६९ ची रात्र होती, ग्रीनिचच्या वेळेने मात्र २१ तारीख लागली होती. दोन्ही तारखा बरोबर, फक्त कुठली वेळ ते लिहा.

कितवं वर्ष हे मोजताना सरळ वजाबाकी करा. १९६१ ची घटना, तर २०११ ला ५० वर्षं पूर्ण झाली आणि ५१ वं सुरू झालं, पन्नासावं वर्ष सुरू झाल्याबरोबर सुवर्णमहोत्सव पूर्ण म्हणून टाकू नका. इसवी सनापूर्वीचं असेल तर अजून सांभाळून, कारण शून्य नावाचं वर्षच नाही. मॅरेथॉनची लढाई इ.स.पू. ४९० ची, तिला २५०० वर्षं २०१० ला नाही, २०११ ला झाली. २९ फेब्रुवारीची तर वेगळीच तऱ्हा, मोरारजी देसाई १८९६ च्या २९ फेब्रुवारीला जन्मले आणि १९०० हे लीप वर्ष नसल्यामुळे पुढची २९ फेब्रुवारी थेट १९०४ ला आली.

दिवसांचा फरक काढायला एक्सेल वापरणार असाल तर सावध, त्याच्या लेखी १९०० लीप वर्ष आहे, आणि त्याआधीच्या तारखा तर ते तारीख म्हणून घेतच नाही.

शेवटी लिहिताना तीन-चार ओळींत आटपा, साधारण असं: "आज १२ एप्रिल, वर्षातला १०२ वा दिवस, १९ + २३ + २९ + ३१. १९६१ ला आजच गागारिन अंतराळात जाऊन १०८ मिनिटांत परत आला. बरोबर २० वर्षांनी कोलंबिया उडालं, खरं तर त्याला दोन दिवस आधीच निघायचं होतं." लीप वर्षात पहिली ओळ तेवढी बदला, १०३ ही मूळ संख्या आहे, त्यामुळे काम अजूनच सोपं.